भाजी रोज वेगळी, चव मात्र तीच : घरच्या शाकाहारी स्वयंपाकातला एक जुनाट बिघाड आणि त्यावरचा इलाज

बायकोची शाळा सकाळची. ती पावणेसातला घर सोडते, त्यामुळे गेली सहा वर्षं सकाळचा स्वयंपाक माझ्याकडे आहे. तीन डबे भरायचे, शिवाय अण्णांचं दुपारचं जेवण झाकून ठेवायचं. अण्णांना कवळी आहे, लेकीला डब्यात ओली भाजी चालत नाही, बायको चिपळूणची आणि मी बार्शीचा. एवढ्या अटींमधून भाजी काढायची म्हणजे रोज रात्री साडेनऊला "उद्या काय करू?" हा प्रश्न ठरलेला.

पण हा खरा बिघाड नव्हे, हे मला उशिरा कळलं. एका मंगळवारी लेकीने डबा परत आणला आणि विचारलं, "बाबा, कालचीच भाजी दिली होती का?" काल फ्लॉवर-बटाटा होता, आज दुधी. ती टोमणा मारत नव्हती, तिला खरंच कळलं नव्हतं. मी उरलेली भाजी बोटाने चाखली. डोळे मिटून खाल्ली असती तर मलाही सांगता आलं नसतं.

तुमच्याकडेही "नवीन काहीतरी कर" अशी कुरकुर दर पंधरवड्याला उठत असेल आणि नवीन भाज्या आणूनही ती थांबत नसेल, तर पुढचं वाचा.

जे करून झालं आणि उपयोग झाला नाही

ब्रोकोली आणली, झुकिनी आणली. पैसे गेले, कांदा-टोमॅटोत परतली आणि ती दुधीसारखी लागली. मग मोबाइलवर रेसिपी साठवायचा सपाटा लावला. त्यातल्या निम्म्यांना क्रीम, काजूची पेस्ट आणि कसुरी मेथी लागते. सकाळी सहाला, एक डोळा घड्याळावर ठेवून, काजू भिजवणारा माणूस मला भेटायचा आहे.

तिसरा प्रयोग फ्रीजवर आठवड्याचा तक्ता चिकटवण्याचा. हा शहाण्यासुरत्या लोकांचा आवडता सल्ला आहे. आमच्याकडे तो बुधवारी कोसळला. तक्त्यात गवार होती आणि मंडईतली गवार जून निघाली, शेजारी मेथी मात्र अशी कोवळी की सोडवेना. तक्ता एकीकडे राहिला आणि मेथी घरी आली. भाजीचं नाव आधी ठरवून बाजारात जाणं हा मुळातच उलटा क्रम आहे, असं माझं मत झालं आहे.

बिघाड नेमका कुठे आहे ते शोधा

दोन आठवडे एक काम करा. कॅलेंडरच्या चौकोनात भाजीचं नाव लिहू नका. तीन गोष्टी लिहा: आंबट काय घातलं, दाटपणा कशाने आला, आणि मसाला कोणता.

माझी नोंद अशी निघाली. चौदा दिवसांत अकरा वेळा टोमॅटो. त्यातल्या नऊ दिवशी कांदा-टोमॅटो परतून तोच रस. मसाला बहुतेक वेळा एकाच डब्यातला. बेसन एकदा, ओला नारळ एकदा (तोही रविवारी, बायकोने केला म्हणून), ताक एकदाही नाही. चिंच डब्यात दगड होऊन बसलेली. म्हणजे चौदा भाज्या नव्हत्याच, एकाच रश्शात चौदा वेगवेगळी फळं बुडवली होती.

टोमॅटोवर माझा राग नाही. तो मुळात अमेरिका खंडातला, मिरची-बटाट्यासारखाच समुद्रापलीकडून आलेला आणि आपलासा झालेला. पण तो इतका सोयीचा आहे की त्याने बाकीच्यांना घराबाहेर काढलं. तो आंबटपणाही देतो, रसही देतो, रंगही देतो. तिन्ही कामं एकट्यानेच केल्यावर चिंच, आमसूल, ताक, कैरी, चुका, अंबाडी यांना कोण विचारतो?

मुख्य उपाय: टोमॅटो आठ दिवस बंद

कडक वाटतं, पण याशिवाय हात वळत नाही. टोमॅटो घरात असला की तो कढईत पडतोच.

आता भाजी मंडईत जी चांगली दिसेल ती घ्या, आणि घरी आल्यावर फक्त जोडी ठरवा. आंबटासाठी चिंच, आमसूल, ताक, लिंबू, मोसमात कैरी. दाटपणासाठी दाण्याचं कूट, ओल्या खोबऱ्याचं वाटण, भाजलेलं सुकं खोबरं आणि कांदा, बेसन, शिजलेली डाळ, तीळ किंवा कारळं. प्रत्येक जोडी जमतेच असं नाही. ताकात सुकं खोबरं-कांदा मला आवडलं नाही, आणि आमसूल ताकात घालायची गरज नसते. पण ज्या जमतात त्या आपल्याकडच्या आज्यांना माहीत होत्याच. चिंच-गूळ-कूट म्हणजे घाटावरची चव. आमसूल आणि ओला नारळ म्हणजे कोकण. ताक आणि बेसन म्हणजे ताकातल्या पालेभाज्या. भाजलेलं सुकं खोबरं आणि काळा मसाला म्हणजे खान्देशाकडचा रस्सा. तीळ आपण भोगीला वापरतो, बाजरीच्या भाकरीबरोबरच्या त्या मिसळीच्या भाजीत, आणि मग वर्षभर विसरतो. फेब्रुवारीत वांग्याला तिळाचं कूट लावलं तर कोणी रागावत नाही.

दुधीवर हे करून बघा, कारण दुधी ही सगळ्यात नावडती. एक दिवस भिजवलेली हरभऱ्याची डाळ घालून, गोडा मसाला आणि चिमूटभर गूळ. दुसऱ्या वेळी हिरवी मिरची, जिरं आणि ओलं खोबरं, हळदही न घालता, पांढरीच. तिसऱ्या वेळी कूट आणि आमसूल. चौथ्या वेळी किसून, पिळून, भाजणीत घालून थालीपीठ. सालं टाकू नका, ती तेलावर खरपूस परतून तीळ, लसूण आणि मिरचीबरोबर चटणी होते. ही पाच पदार्थांची यादी आहे आणि भाजी एकच आहे.

दुधीबाबत एक न विसरण्याची गोष्ट: चिरल्यावर कच्चा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर अख्खा दुधी टाकून द्या. शिजवून, मसाला घालून कडवटपणा झाकायचा नाही, कडू दुधी पोटात गेला तर माणूस चांगलाच आजारी पडतो.

ताक घातलं की फुटतं

टोमॅटो सोडलेल्यांचा पहिला अडथळा हाच. माझा पहिला चाकवत असा फुटला की अण्णा म्हणाले, "अरे, पनीर केलंस का?"

ताक फार आंबट असलं, आच मोठी असली आणि ढवळणं थांबलं की ताकातली प्रथिनं गोळा होतात आणि पाणी सुटतं. बेसन त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. म्हणून क्रम असा: चार माणसांना चाकवताची एक जुडी, मूठभर हरभऱ्याची डाळ आणि मूठभर दाणे. डाळ-दाणे रात्रीच भिजवा. कुकरमध्ये पाला, डाळ, दाणे शिजवून पाला चांगला घोटून घ्या. दोन वाट्या ताकात दोन मोठे चमचे बेसन गुठळी न राहता कालवा आणि घोटलेला पाला कोमट असताना त्यात मिसळा. आता मंद आचेवर ठेवून ढवळत राहा. पहिला बुडबुडा येईपर्यंत पळी सोडायची नाही. एकदा उकळी बसली की धोका टळला. मीठ शेवटी. वर लसणाची लालसर फोडणी, लाल मिरची मोडून. चाकवत नसेल तर पालक चालतो, आणि दुधीच्या बारीक फोडीही.

फुटलंच तर? रवीने घुसळून थोडं बेसन पाण्यात कालवून घाला. दिसायला सुधारतं, चव थोडी खरखरीत राहते. फेकून द्यायची गरज नाही.

चिंच घातली आणि डाळ शिजेना

आंबटाने डाळ आणि बटाटा दडदडीत राहतात. आधी मऊ शिजू द्या, चिंच, आमसूल, कैरी मागाहून. आणखी एक: लोखंडी कढईत चिंच शिजवू नका, भाजी काळी पडते आणि लोखंडाची चव उतरते. मी पडवळाची वाट लावून हे शिकलो.

डब्यात रस्सा चालत नाही

मग पीठ पेरा. ही आपल्या स्वयंपाकातली सगळ्यात हुशार युक्ती आहे आणि आपण ती फक्त सिमला मिरचीसाठी राखून ठेवली आहे. कांद्याची पात, मेथी, कोबी, दोडका, मुळ्याचा पाला, सगळ्यांना पीठ चालतं.

पाव किलो भाजीला अर्धी वाटी बेसन. बेसन आधी कोरडंच मंद आचेवर भाजून घ्या, खमंग वास येईपर्यंत. ही पायरी गाळली की कच्चट चव येते आणि मग लोक म्हणतात पीठ पेरलेलं आवडत नाही. तेल नेहमीपेक्षा चमचाभर जास्त. भाजी अर्धवट शिजली की पीठ वरून भुरभुरवा, आणि इथेच सगळे चुकतात, ते लगेच ढवळतात. ढवळू नका. झाकण ठेवून तीन-चार मिनिटं वाफ येऊ द्या, पिठाचा रंग गडद आणि ओलसर दिसला की उलथन्याने तळापासून वर काढा. गोळे झाले तर भाजीला पाणी जास्त सुटलेलं होतं, पुढच्या वेळी आधी आटवा. घशाशी कोरडं लागलं तर पाण्याचा हलका हबका मारून पुन्हा झाकण.

हे डब्यात सांडत नाही, पोळीत गुंडाळता येतं, आणि लेकीच्या मैत्रिणी तिच्या डब्यातलं खातात, हे तिच्या दृष्टीने पहिल्या नंबरचं प्रमाणपत्र.

फ्रीजमध्ये काहीच नाही

इथे आपला प्रदेश खरा श्रीमंत आहे, कारण दुष्काळी मुलखात भाजी मिळायचीच नाही. आमच्या बार्शीकडे उन्हाळ्यात सांडगे घालून ठेवतात. सांडग्यांची भाजी करताना ते आधी तेलात चांगले लालसर परतून घ्या, मग गरम पाणी. परतायचे राहिले तर बाहेरून लगदा आणि आतून खडा अशी गत होते. हुलग्याचे शेंगोळे आहेत, चकोल्या आहेत (कोणी वरणफळं म्हणतं), गोळ्याची आमटी आहे, पातोड्यांचा रस्सा आहे. यातलं काहीही केलं तर वेगळी भाजी लागत नाही.

शेंगदाण्याच्या आमटीचं मला कोडं आहे. एकादशीला भगरीबरोबर सगळे वाट्या चाटून खातात, आणि द्वादशीला ती उपवासाची म्हणून बंद. दाणे भाजून, सोलून, हिरवी मिरची आणि जिऱ्याबरोबर वाटायचे, पाणी घालून उकळायचं, आमसूल आणि गुळाचा खडा. ज्वारीच्या भाकरीशी कधीही खा. लसूण घालायला तर साध्या दिवशीच मुभा.

अण्णांसाठी मात्र बायकोच्या माहेरचं कुळथाचं पिठलं कामी आलं. तेलावर लसूण आणि मिरची, पाण्याला उकळी, आमसूल, मग गार पाण्यात कालवलेलं कुळथाचं पीठ बारीक धारेने. दहा मिनिटांत तयार. गरम मऊ भातावर ओतलं की कवळीची तक्रार नाही. अण्णा जन्मभर हुलग्याचं माडगं खात आले. कुळीथ आणि हुलगे एकच हे कळल्यावर त्यांनी सुनेचं माहेर मनापासून मान्य केलं.

एवढं करूनही "कंटाळा आला"

मग ताटाची डावी बाजू बघा. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, हे सगळं सणाच्या ताटात असतं आणि रोजच्या ताटात नसतं. आमचं रोजचं ताट बघितलं तर उजवीकडे भाजी मऊ, आमटी मऊ, भात मऊ, आणि डावीकडे काहीच नाही. कंटाळा चवीचा नव्हताच, दातांना काही काम नव्हतं.

कोबीचा अर्धा गड्डा नेहमी उरतो. तो बारीक चिरा, कूट, लिंबू, साखर, मीठ, वर हिंग आणि हिरव्या मिरचीची फोडणी. पचडी झाली. मूगडाळ दोन तास भिजवून काकडीत घाला. मुळा किसून, भिजवलेली हरभराडाळ भरड वाटून त्यात, वरून फोडणी, हा मुळ्याचा चटका. सोलापूरकडची शेंगाचटणी घरात असली तर अर्धं काम तिथेच झालं. ती मिक्सरमध्ये पीठ करू नका, खलबत्त्यात कुटली की तेल सुटतं आणि ती थोडी चिकट होते, तशीच हवी. डावी बाजू भरली की उजवीकडे साधी बटाट्याची भाजी असली तरी कोणी बोलत नाही. अण्णांना मात्र पचडी चावत नाही; त्यांच्या वाट्याला लाल भोपळ्याचं दह्यातलं भरीत किंवा केळ्याचं रायतं.

पंचांगाकडे एक नजर

नवीन कल्पना पाहिजेत म्हणून मी परदेशी पाककृती शोधत होतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या छापलेल्या होत्या. आषाढात कांदेनवमीला कांदा पोटभर खाऊन अनेक घरांत चातुर्मासभर कांदा-लसूण आणि वांगं बंद होतं. चार महिने कांदा नाही म्हणजे हिंग, जिरं, आलं, नारळ यांच्यावर स्वयंपाक चालतो. पाळा किंवा पाळू नका, पण आठवडाभर करून बघण्यासारखा प्रयोग आहे. ऋषिपंचमीची भाजी त्याच्याही पुढची. अळू, लाल भोपळा, पडवळ, भेंडी, मक्याचे तुकडे, चुका, हिरवी मिरची, खोबरं. आमच्याकडे तिला फोडणीच देत नाहीत, आणि तरी ती सपक लागत नाही, कारण चुक्याचा आंबटपणा आणि भोपळ्याचा गोडवा आहे. अळूला आंबट हवंच, नाहीतर घसा खाजतो. गोव्याकडचं खतखतंही याच घराण्यातलं, कंद आणि भाज्या ओल्या खोबऱ्यात आणि तिरफळात शिजवलेल्या. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडगे होऊन वांगं परत येतं.

पावसाळ्यात मंडईच्या कडेला रानभाज्या घेऊन बसणाऱ्या बायका दिसतात. टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली. करटोली सोपी, चकत्या करून कांद्यावर परता आणि वर खोबरं. टाकळ्याचा कोवळाच पाला घ्या. कशी करायची ते विकणारीलाच विचारा, ती पाच वाक्यांत सांगते. ओळख नसलेली रानभाजी मात्र अंदाजाने घेऊ नका. शेवळं खाजरी असतात, काकडं नावाची आंबट रानफळं घालून करायची असतात, ती मी अजून बायकोवरच सोडतो.

रविवारचा अर्धा तास

या सगळ्यासाठी सकाळी सहाला हात रिकामा हवा. रविवारी अर्धा किलो दाणे भाजून कूट. दोन नारळ खवून छोट्या डब्यांत फ्रीझरमध्ये. सुकं खोबरं आणि तीळ भाजून भरड वाटलेले. चिंचेचा कोळ उकळून, गार करून काचेच्या बाटलीत, फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतो. बेसन भाजून डब्यात. मटकी रात्री भिजवून सकाळी फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी मोड तयार. बाकी काही नाही.

टोमॅटो आता घरात आहे, पण आठवड्याला अर्धा किलो, सारासाठी आणि कोशिंबिरीसाठी. कॅलेंडरवरची नोंद अजून चालू आहे. कालचा चौकोन: दुधी, ताक, बेसन, वर लसूण. उरली नाही. आज येताना पडवळ कोवळं मिळालं. ही म्हणते आमसूल आणि नारळ, मी म्हणतो हरभऱ्याची डाळ आणि चिंच-गूळ. डाळ भिजवायची तर झोपायच्या आधी ठरवायला हवं.